दात बघून लिपस्टिक

सावेडीत पाइपलाइन रोडच्या दोन्ही अंगांना ज्या कॉलन्या पसरल्यात, त्यांत दर कॉलनीला एक गणपती मंडळ असतं, एक गंजलेलं ओपन जिम असतं आणि एक पारखी मावशी असते. मंडळात फूट पडून त्याची दोन होतात. मावशी मात्र एकच. कुणाच्याही घरी ऑनलाइन मागवलेलं पार्सल आलं आणि त्यात तोंडाला लावायचं काही असलं, की ते आरशापुढं जायच्या आधी मावशींच्या ओट्यावर जातं.

पार्सलवर कुणी अहमदनगर लिहितं, कुणी अहिल्यानगर. पिनकोड तोच असल्यानं डिलिव्हरीचा पोरगा बरोबर येतो. येतो, पण त्याआधी फोन करून विचारतो, "मावशी, घरी आहात का?" त्या गावाला गेल्या असतील तर बरं, एवढी आशा त्या आवाजात स्पष्ट ऐकू येते. मावशी पार्सलच्या दिवशी कधीही गावाला जात नाहीत.

पोरग्याची भीती रास्त आहे. खोकं आधी सहाही बाजूंनी बघितलं जातं. मग पंच बोलावले जातात. डाव्या हाताला शेजारच्या वहिनी, उजव्या हाताला मी. सूनबाई मोबाइल धरते. मावशी कात्री उचलतात आणि कॅमेऱ्यात बघून सांगतात, "आज मंगळवार, सकाळचे अकरा. टेप शाबूत आहे. पंचांनी बघून घ्यावं." आम्ही बघून घेतो. गारपिटीनंतर तलाठी पंचनाम्याला आमच्या गावच्या शेतावर आला होता, त्यानं बांधावरूनच मान डोलावली होती. मावशी मात्र टेपच्या कडेखाली नख घालून दुसऱ्या टेपचा माग काढतात. पोरगा घड्याळाकडं बघतो, त्याची गाडीभर पार्सलं बाकी असतात. मावशींना त्याची दया येते आणि त्या त्याच्यासाठी चहा टाकतात. त्यापायी तो आणखी दहा मिनिटं अडकतो.

मावशी साठीच्या पुढच्या. स्वतः पावडर आणि टिकली यापलीकडं काही लावत नाहीत. पण प्रायमर, कन्सीलर, सेटिंग स्प्रे ही नावं त्यांच्या तोंडी मूग-मटकीसारखी असतात. हे ज्ञान माहेरचं. वडिलांचं कटलरीचं दुकान होतं. नगर जिल्ह्यात कटलरी म्हणजे बांगड्या, रिबिनी, पिना, टिकल्या, गंगावन, नेलपॉलिश; काट्या-चमच्यांचा तिच्याशी संबंध नाही. दुकान म्हणजे ताडपत्री, चार बांबू आणि एक पेट्रोमॅक्स. पौष पौर्णिमेला कोरठणचा खंडोबा, नवरात्रात मोहटादेवी, आणि होळीपासून पाडव्यापर्यंत मढीचे कानिफनाथ. मढीला रंगपंचमीला गाढवांचा बाजार भरतो. मावशींच्या लहानपणी समोर गाढवं, अलीकडं कटलरी, अशी मांडणी असायची, आणि गिऱ्हाइक नसलं की ती पोर समोरचा सौदा बघत बसायची.

"गाढव घेणारा मालकाचं एक आयकत नाही," मावशी सांगतात. "मालक म्हणतो, गरीब आहे, ओझ्याला खमकं आहे. घेणारा जबडा उघडतो. दोन दातांचं दुवान, चार दातांचं चौवान, मंग अखंड जवान. दात खोटं बोलत नाहीत."

लिपस्टिकचे दात तिच्या बुडाशी असतात. बॅच नंबर, तारीख, बनवणाऱ्याचं नाव. मावशी कुठलीही लिपस्टिक हातात आली की रंग बघत नाहीत, टोपण काढत नाहीत. आधी ती उताणी करतात. आमच्या गल्लीत दोन वर्षं मुदत राहिलेल्या क्रीमला दुवान म्हणायची पद्धत पडली आहे. मुदत संपलेल्याला काय म्हणतात, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

त्यांची खरी करामत मी पाहिली ती केडगावच्या एका लग्नात. हळदीचा मांडव, आणि नवरीच्या खोलीत मेकअपवाली मुलगी उद्याच्या तयारीला आलेली. सात दिवसांचा कोर्स, गोल दिवा, दुमजली पेटी, आणि दरपत्रकात 'एचडी ब्रायडल' सगळ्यांत वर. मावशी नवरीकडच्या. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, एका चष्म्यावर दुसरा चढवला आणि पेटीतल्या सहा लिपस्टिका उताण्या करून चादरीवर ओळीनं मांडल्या. बडी परदेशी कंपनी, काळ्या चकचकीत नळ्या. सहाही रंग निराळे, नावं निराळी, आणि सहांच्या बुडाशी बॅच नंबर एकच.

"सहा गाढवं आन् सगळ्यांचे दात सारखे?" मावशी म्हणाल्या. "एका आईची एकाच दिवशी झाली का गं ही?"

मुलगी गप्प. मावशींनी खोकी मागवली. आयात केलेल्या मालावर भारतात आणणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो, त्याच्या नोंदणी प्रमाणपत्राचा नंबर लागतो, किंमत रुपयांत लागते. तिन्हींपैकी एकही नाही. खोक्यावर इंग्रजीत 'मेड इन कॅनडा' ठळक, आणि त्याच्याच खाली 'लिपस्टिक' या शब्दात एक अक्षर कमी. मावशींचं इंग्रजी जेमतेम. पण सहा खोकी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी ते अक्षर बोटानं मोजून दाखवलं. मग एका नळीचं टोपण लावून-काढून कानाशी नेलं. अस्सल टोपण लागताना घट्ट बसतं. हे नळीवर खुळखुळत होतं.

"मावशी, मला ओरिजनल म्हणूनच दिलंय," मुलगी रडवेली झाली. "सेल होता. नव्वद टक्के सूट."

"नव्वद टक्के? अगं, सोसायटी कर्जाचं व्याज नव्वद टक्के सोडत नाही, आन् हा कॅनडावाला तुझा कोण लागतो?"

मग एका भाच्याला मोटारसायकलवर मोची गल्लीत पिटाळलं गेलं. तो देशी कंपनीची लिपस्टिक, काजळ आणि कॉम्पॅक्ट घेऊन आला. मावशींनी आधी बिल मागितलं, मग पिशवी. दुसऱ्या दिवशी नवरी चांगली दिसली. फोटोत तर फारच. मेकअपवाली आता दर महिन्याला पेटी घेऊन मावशींकडं येते.

मावशींना कायदा पाठ आहे. कसा, ते विचारू नये. त्यांच्याकडं अन्न व औषध प्रशासनाच्या जुन्या पत्रकांची पिशवी आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, प्रसाधनांचे नवे नियम २०२० चे. देशी मालावर बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि परवाना क्रमांक हवा, कशापासून बनवलं त्याची यादी हवी. कायद्यात चुकीच्या लेबलाचा माल वेगळा आणि बनावट माल वेगळा, दोन्हींची कलमं वेगळी. हा फरक मावशी पंचांना चांदबीबी महालावरून समजावतात. पाथर्डी रोडच्या डोंगरावर ती जी अष्टकोनी तीनमजली इमारत दिसते, ती आहे निजामशाहीच्या सलाबतखानाची कबर. चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. पण सहली चांदबीबीच्या नावानं निघतात, प्री-वेडिंगचे फोटो चांदबीबीच्या नावानं निघतात. "इमारत अस्सल, लेबल चुकीचं," मावशी म्हणतात. "बनावट कधी म्हणायचं? उद्या एमआयडीसीत कुणी पत्र्याचा तसला मनोरा उभारून तिकीट लावलं तर."

नियम त्या स्वतःच्या घरालाही लावतात. दुबईहून भाच्यानं विमानतळावरच्या दुकानातून आणलेली लिपस्टिक त्यांनी नापास केली. आयातदाराचं स्टिकर नाही. भाचा पावती दाखवत राहिला, मावशी बूड दाखवत राहिल्या. माल शंभर टक्के खरा होता, हे मला मान्य. पण मावशींपुढं मी तसं बोललो नाही.

त्यांच्या परीक्षेतला निम्मा भाग मात्र शुद्ध थोतांड आहे, आणि हे लिहायला मला घराबाहेर बसावं लागलं. वास घेणं, तळहातावर रगडणं, पाण्याच्या वाटीत थेंब सोडणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे जिभेच्या टोकाला लावणं. नक्कल करणारे इतके अडाणी नाहीत. ते व्हॅनिलाचा वास अस्सलापेक्षा जास्त घालतात. आणि जे घातक आहे ते नाकाला कळतच नाही. प्रसाधनांच्या रंगात शिसं दहा लाख भागांत २० भागांच्या वर नको, असा नियम आहे. डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर पारा चुकून आला तरी दहा लाखांत एका भागाच्या वर चालत नाही. एवढं ओळखणारी जीभ अजून कुणाला फुटलेली नाही, आणि फुटली तरी तिनं शिसं चाखू नये.

पाऱ्याचं त्यांना चांगलं ठाऊक आहे. कालनिर्णयच्या मागं त्यांनी एक कात्रण अडकवलंय, २०२३ सालचं. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता घेता गाडी येऊन थांबली ती ब्युटिशियननं दिलेल्या गोरं करणाऱ्या क्रीमवर. तपासलं तर त्यात पारा, मर्यादेच्या कितीतरी पट. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही असेच रुग्ण एकामागून एक सापडले. गल्लीतली एखादी मुलगी 'सात दिवसांत गोरेपणा' म्हणाली की मावशी बोलत नाहीत. कालनिर्णय उलटा करतात.

त्यांची आणखी एक सवय आधी मला विक्षिप्त वाटायची. रिकामी झालेली बाटली त्या भंगारवाल्याला सरळ देत नाहीत. आधी वरवंट्यानं फोडतात, लेबल खरवडतात, खोकं चार तुकडे करून फाडतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, "खरी बाटली, खरं लेबल, आत घरचा माल. याला कोणाचा बाप ओळखणार? मलासुद्धा दात खरेच दिसतील." अस्सल बाटल्या परत भरून विकायचा धंदा खरोखरच चालतो, तेव्हा या बाबतीत वरवंटा बरोबर आहे. भंगारवाला मात्र या गल्लीत हल्ली काच घ्यायला नाखूश असतो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास वहिनींनी एका नामांकित कंपनीचं काजळ मागवलं, दोनावर एक फुकट. उताणं केल्या केल्या मावशींनी नापास केलं: परवाना क्रमांकाच्या जागी नुसत्या रेघा. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. ॲपवाल्या कंपनीकडंही केली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निकाल महिन्यात. पोच वेळेत आली. तीत खेद होता, दिलगिरी होती, काजळाचा उल्लेख नव्हता.

"महिना?" मावशी म्हणाल्या. "तोवर जत्रा उठती."

त्याच नियमांनी विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणंही बंधनकारक आहे, फक्त तो अशा ठिकाणी असतो की अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागतं. सूनबाई गेली. पत्ता निघाला नगरचाच, गंज बाजारामागचा. काजळ नगरहून भिवंडीच्या गोदामात जाऊन पुन्हा नगरला आलं होतं. मावशींनी वहिनींना रिक्षात घातलं.

पुढचं वहिनींकडून ऐकलेलं. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवर एक खोली, लेबलांचे रोल, एक छोटा प्रिंटर, आणि पंचविशीचा एक पोरगा. मावशींनी तोंड उघडायच्या आत तो उठून पाया पडला. त्याच्या बापाचं पाल मढीला मावशींच्या पालाला लागून असायचं. मग आईची तब्येत झाली, बहिणीचं बाळंतपण झालं, चहा आला. कप खाली ठेवून मावशी म्हणाल्या, "तुझा बापही डुप्लिकेट विकायचा, आमीबी विकलं. पर गिऱ्हाइकाला सांगून. बाई, हे धाचं हाय, दोन येळा तोंड धुतलं की जाईल. ती हसून घ्यायची." त्या दहाच्या काजळात काय असायचं, हे मावशींना तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, पण तो मुद्दा त्या खोलीत निघाला नाही.

"तसं लिहिलं तर ॲपवर कोण घेईल, मावशी?"

"धाला दे. घेतील."

"दहात डिलिव्हरीसुद्धा निघत नाही."

वहिनी सांगतात, धंद्याच्या गोष्टीत मावशींना उत्तर सुचलं नाही असं त्यांनी प्रथमच पाहिलं. पैसे रोख वसूल झाले. काजळं मावशींनी परत दिली नाहीत. उद्या दुसऱ्या कॉलनीत गेली असती. तिथंच उंबऱ्यावर टाचेखाली मोडली. अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करायची का, हा विषय मी दोनदा काढला. मावशींनी दोन्ही वेळा चहा टाकला.

मावशी निघताना पोरग्यानं फाइव्ह स्टार द्यायची विनंती केली होती. घरी आल्यावर सूनबाईनं मोबाइल धरला, मावशींनी एक स्टार दाबायला लावला आणि खालचा मजकूर सांगितला. तो अजून तिथं आहे: "पोरगा ओळखीचा व चांगल्या घरचा आहे. काजळ घेऊ नये."