इमर्जन्सी शिकायला इकडे येऊ नका!

चि. होऊ घातलेले डॉक्टर यांस,

इंदापूर तालुक्यातून अनेक आशीर्वाद. इलेक्टिव्हला इमर्जन्सी मेडिसिन घ्यायचं ठरलंय, पण कुठे करायचं या काळजीने तुमची झोप उडाली आहे, असं कानावर आलं. काळजी कसली करता? पुण्या-मुंबईचं एखादं चकाचक हॉस्पिटल धरा. दार आपोआप उघडतं, एसी गारेगार असतो आणि पेशंट तुमच्यासमोर येईपर्यंत त्याचं निदान होऊन गेलेलं असतं. तुम्ही राउंडला चौथ्या रांगेत उभं राहायचं आणि सर बोलले की मान हलवायची. स्टेथोस्कोप गळ्यात घालून काढलेला फोटोही झकास येतो.

आमच्याकडे मात्र चुकूनही फिरकू नका. नावाला आहे सगळं. बारामतीत 2019 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. पण इथे एक मोठी गैरसोय आहे. पेशंट कुठूनही रेफर होऊन येत नाही, थेट दारात येतो. सोबत चिठ्ठी नाही, रिपोर्ट नाही. असतात फक्त दहा नातेवाईक, आणि दहाही जण एकदम बोलतात.

त्यात आमचे साप. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे माणूस अंधारात उसाला पाणी द्यायला, दारं धरायला जातो आणि घोणशीवर पाय देतो. तुम्ही लॅबच्या दिशेने बघाल, तेवढ्यात सिस्टर हातात कोरडी, स्वच्छ काचेची नळी ठेवतील. तिच्यात 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायचं. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय, प्रतिसर्पविष सुरू करा. आता सांगा, इतक्या स्वस्त तपासणीवर कुणाचं करिअर उभं राहिलंय?

मण्यार तर त्याहून बेरकी. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते, दुखत नाही आणि बऱ्याचदा खूणही दिसत नाही. पुस्तकात हा पेशंट सर्पदंशाच्या धड्यात सापडतो. आमच्याकडे तो पहाटे ‘पित्त झालंय, पोट दुखतंय’ म्हणत येतो. पापण्या जड झाल्यात हे तुमच्या ध्यानात आलं तर ठीक. नाही आलं तर तुम्ही त्याला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवाल आणि काही तासांत त्याचा श्वास थांबू शकेल. नीट-पीजीच्या प्रश्नाला निदान चार पर्याय तरी असतात!

हिवाळ्यात यावं म्हणाल, तर तेव्हा गाळप हंगाम. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. गाण्यांचा आवाज दोन शिवारांपलीकडे पोचतो, मागचा दिवा मात्र कित्येकांना नसतो. पुणे-सोलापूर महामार्गही तालुक्यातूनच जातो. आषाढीला यावं, तर तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर करत पंढरपूरला निघालेली. पायाला फोड, अंगात पाणी नाही, मध्येच कुणाच्या छातीत कळ. शिफारसपत्र वगैरे इथे कुणी देत नाही. सलाइन संपली की वारकरी ‘माउली’ म्हणून तुमच्याच पाया पडतो आणि चालू लागतो.

नियम करणाऱ्यांनाही या विषयाची घाई नाहीच. 2021च्या नियमावलीत इंटर्नशिपच्या 52 आठवड्यांतले कॅज्युअल्टीला 2 आठवडे. तेवढ्यात टाक्यांचं सामान कुठे ठेवलंय हे कळतं आणि पोस्टिंग संपतं. त्यातलेही काही दिवस मित्राच्या सहीवर निघाले, तर तुमचा अभ्यास बुडत नाही. बुडालाच तर आमचा जीव बुडतो, पण त्याचे मार्क नसतात.

आता थट्टा पुरे. मोठ्या हॉस्पिटलात शिकायला मिळत नाही असं माझं म्हणणं नाही. पण इंदापूरहून पुणं सुमारे 140 किलोमीटर आहे. घोणशीचं विष, छातीतली कळ किंवा फुटलेलं डोकं तिथवर थांबत नाही. जे व्हायचं ते पहिल्या तासात, पहिल्या दारात होतं, आणि त्या दारात त्या रात्री कोण उभं आहे यावर ठरतं. म्हणून जागा निवडताना इमारत बघू नका. तीन गोष्टी विचारा : रात्रपाळीला शिकवणारं वरिष्ठ माणूस हजर असतं का? पेशंटला तुमचा हात लागू देतात का? आणि पेशंट तिथे पहिल्यांदा येतो की शेवटी? तिन्ही उत्तरं मनासारखी मिळाली, तर गाव कुठलंही असो, कॉलेजची परवानगी काढा आणि जा.

आमच्याकडे आलात तर चहा गोड मिळेल, झोप मिळणार नाही.

आपला,
इंदापूर तालुक्यातील एक संभाव्य पेशंट

ता. क. : येताना बॅटरी आणा. साप तुमची डिग्री विचारत नाही.