दीड तास कुणाचा?

मुंबई ते नागपूर विमानानं दीड तास. तिकिटावर तसंच छापलेलं असतं.

आता हिशेब करा. दोन्ही विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. एअरबस ए-३२० उंचीवर पोचलं की ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास धावतं. त्या वेगानं हा प्रवास ५० मिनिटांत संपायला हवा. मग वरची ४० मिनिटं जातात कुठे?

काही चढण्या-उतरण्यात जातात, काही टॅक्सीवेवरच्या रांगेत. मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि गर्दीच्या वेळी विमानं आकाशात घिरट्या घालत थांबतात. कंपन्या हे सगळं धरूनच वेळ छापतात. धंद्याच्या भाषेत हा ‘ब्लॉक टाइम’: निघताना चाकांचे ठोकळे काढल्यापासून पोचल्यावर ते पुन्हा लावेपर्यंतचा. वर १५ मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ या खात्यात जातो.

तेव्हा दीड तास लागतो तो विमानाला. माणसाचा प्रवास त्याच्या उंबऱ्यापासून सुरू होतो, आणि त्याचं मोजमाप कुणी ठेवत नाही.

उपचारांसाठी मुंबई गाठायची असलेल्या गडचिरोलीच्या रुग्णाचं घ्या. गडचिरोली ते नागपूर सुमारे १७० किलोमीटर, एसटीनं चारेक तास. विमान सुटण्याआधी तासभर चेक-इन काउंटर बंद होतो, म्हणून आणखी लवकर निघायचं. रुग्ण भामरागडचा असेल तर गडचिरोलीलाच पोचायला पावणेदोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो, हे तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं भोगलं आहे. आकाशातले ६८० किलोमीटर दीड तासात जातात. जमिनीवरच्या त्याच्या निम्म्या अंतराला जवळजवळ अख्खा दिवस लागतो.

मोठी शहरं जोडताना आपण हात आखडला नाही. ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याची लांबी हवाई अंतराच्या इतकी जवळ आहे की जणू नकाशावर पट्टी ठेवूनच तो आखला. चांगलं झालं. पण हीच पट्टी गडचिरोलीतल्या अहेरी, एटापल्ली, भामरागडवर कधी ठेवणार?

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला भरतं. सत्ता विदर्भाच्या दारी यावी, हा त्यामागचा विचार. पण विमानानं येऊन विमानानं परतणाऱ्याला विदर्भ दीड तासावरच दिसणार.

म्हणून मागणी एकच. रस्ते, पूल, एसटी, रुग्णवाहिका यांवरच्या प्रत्येक सरकारी आराखड्यात एक रकाना सक्तीचा करा: जिल्ह्यातल्या शेवटच्या गावातून जवळच्या मोठ्या रुग्णालयात आणि विमानतळावर पोचायला जुलै महिन्यात लागणारा वेळ. मे महिन्यातला नको, रस्ते तेव्हा कोरडे असतात. आणि या रकान्यातला आकडा दरवर्षी नागपूरच्या अधिवेशनात सभागृहापुढे मोठ्यानं वाचा.

तो कमी होईल, तेव्हाच मुंबई नागपूरच्या पलीकडच्यांनाही जवळ आली असं म्हणता येईल.