घरचीच आहेत

तबकातल्या जास्वंदीकडे बघून पाहुण्यांनी ‘‘वा, कुठून आणलीत?’’ असं विचारलं, की मी लगेच उत्तर देत नाही. आधी निरांजनाची वात सारखी करतो. मग, शक्यतो दुसरीकडे बघत, ‘‘हां... घरचीच आहेत,’’ म्हणतो. एवढं म्हणता यावं म्हणून मी वर्षभर राबतो, आणि ते समोरच्याला कळता कामा नये, यातच सगळी कला आहे. गणपतीत बाजारात जास्वंदीचा भाव चढला की माझा आवाज आणखी खाली येतो. कुणी विचारलंच नाही, तर मात्र पंचाईत होते. मग प्रसादाची वाटी पुढे करत ‘‘यंदा पाऊस बरा झाला, नाही?’’ असं मीच सुरू करतो आणि पावसावरून हळूहळू कुंडीवर येतो.

अशाच एका आरतीनंतर बायकोच्या मावसबहिणीने चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, ‘‘भावजी, देठाला हे कापसासारखं काय चिकटलंय?’’

ते पिठ्या ढेकूण होते. या नावाने माझं जेवढं नुकसान केलं, तेवढं त्या किड्यानेही केलेलं नाही. ‘‘ढेकूण फार वाढलेत हो, काही केल्या जात नाहीत,’’ असं मी एकदा लिफ्टमध्ये फोनवर बोललो. शेजारी उभे असलेले गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर उतरले. राहतात सहाव्यावर. तेव्हापासून मी चारचौघांत ‘मिलीबग’ म्हणतो. इंग्रजीत कीड लागली तर घराण्याला कमीपणा येत नाही.

या प्राण्याबद्दल मी इतकं वाचलंय की आता त्याच्याविषयी आपलेपणा वाटू लागलाय. जास्वंदीवरच्या एका जातीला तर शास्त्रज्ञांनी जास्वंदीचंच नाव दिलंय, ‘गुलाबी जास्वंद मिलीबग’. ही जात आपल्या दक्षिण आशियाकडची. 1994 साली ती कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर सापडली आणि तिथून बेटामागून बेट घेत सुटली. तिला आवरायला तिथे परोपजीवी कीटक आणि ढालकिडे सोडावे लागले. तिकडच्यांनीही हिशेब ठेवला असावा. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा पपईवरचा मिलीबग 2008 साली कोईमतूरला येऊन दाखल झाला. पपईवरचा म्हणतात, पण जास्वंदही त्याला चालते. त्याच्यासाठी 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून डोळ्यांना धड दिसणारही नाहीत अशा गांधीलमाश्या आणल्या. त्यांनी ढेकणांच्या अंगात अंडी घातली आणि काम फत्ते केलं. हे सगळं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे चहा संपवतात.

पण माझा जीव गुंतलाय तो यातल्या पुरुषात.

आपण पांढरे पांढरे ढेकूण म्हणून जे बघतो, त्या बहुतेक बायका आणि मुलं. बाईला पंख नसतात, हवेतही कशाला? जागा मिळाली की ती झाडात सोंड खुपसते आणि रस ओढत बसते. अंगावर मेणाचं पीठ, त्यामुळे नुसतं पाणी मारलं तर ते ओघळून जातं, ती हलत नाही. शेवटी कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते आणि मरते. पुरुषाचं लहानपण बरं जातं. तोही बहिणींबरोबर बसून पितो. मग एक दिवस तो स्वतःभोवती कापूस गुंडाळून आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा त्याला पंख फुटलेले असतात. नाजूक बांधा, मागे शेपटीसारखे दोन पांढरे दोरे, एकूण बघण्यासारखं ध्यान. फक्त खाण्यापिण्याचं तोंड नसतं. मोठेपणी त्याने खावं अशी योजनाच नाही. दोन-चार दिवसांचं आयुष्य. त्यात उडायचं, बायको शोधायची, वंश चालवायचा आणि उपाशीपोटी मरायचं. काही जातींत तर बायकांना वंश चालवायलाही तो लागत नाही. म्हणजे पंख लावून, नटूनथटून, उपाशी निघालेल्या या गृहस्थाला दारात कळणार की कार्य उरकलंय.

हे मी रात्री जेवताना बायकोला सांगितलं. माझा आवाज किंचित दाटून आला होता.

‘‘तोंड नाही, तरी त्यांचा संसार चालतो ना?’’ ती म्हणाली. ‘‘आमटी घ्या.’’

माझं म्हणणं एवढंच, की बागेतल्या किडींचा राग येण्याआधी त्यांच्या घरी काय चाललंय ते बघावं. मी तासन्‌तास भिंग लावून बघतो. समोरच्या इमारतीतले लोकही आता त्यांच्या गॅलरीत येऊन बघतात. मला.

त्या भिंगात ढेकणांच्या आसपास मुंग्याही दिसतात. ढेकूण रस पितात त्यातलं बरंचसं गोड पाणी बाहेर टाकतात आणि त्यासाठी मुंग्या रांगा लावतात. बदल्यात पहारा देतात, शत्रू आला तर हुसकावतात, पिल्लं उचलून नव्या फांदीवर नेऊन ठेवतात. उरलेल्या गोडव्यावर काळी बुरशी धरते आणि पानं काजळी धरल्यासारखी दिसतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करा, असं जाणते सांगतात. मी कुंड्यांखाली पाण्याच्या ताटल्या ठेवल्या. मुंग्या कपडे वाळवायच्या दोरीवरून आल्या. माझ्या पायजम्याच्या नाडीचा त्यांनी पूल केला.

उपाय सुचवणाऱ्यांची पुण्यात वाण नाही. तंबाखूचं पाणी, आंबट ताक, चुलीतली राख. (चूल कुठून आणू, ते कुणी सांगत नाही.) एका हितचिंतकाने दशपर्णी अर्क बनवायला लावला. दहा प्रकारचा पाला, शेण आणि गोमूत्र महिनाभर कुजवायचं, रोज ढवळायचं. शेतात ते उत्तमच असेल. सोसायटीत त्यावर तातडीची बैठक झाली आणि इतिवृत्तात ‘दुर्गंधी’ हा विषय माझ्या फ्लॅटच्या क्रमांकासह नोंदला गेला. मी वाटाघाटींत कडुनिंबाच्या तेलावर उतरलो. लिटरभर कोमट पाण्यात थोडा पातळ साबण, त्यात पाच मिली तेल, चांगलं घुसळून संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हात त्याचा गुण उतरतो. साबणाने मेण सुटतं. पानांच्या पाठी आणि बेचके भिजले पाहिजेत. आठवड्याने पुन्हा, कारण पिशवीतली अंडी तेलाला दाद देत नाहीत. पाऊस हे काम फुकट करतो म्हणे. आमच्या गॅलरीवर वरच्यांची गॅलरी आहे, त्यामुळे आमच्याकडे पाऊस फक्त ऐकू येतो.

मध्यंतरी बायको म्हणाली, ‘‘अहो, यातला एक ढेकूण फार घाईत आहे.’’ बाकीच्यांसारखाच पांढरा, पण मोठा, अंगावर झिपऱ्या, आणि चक्क तुरुतुरु चालत होता. ती क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती. मूळची ऑस्ट्रेलियाची, 1898 साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणलेली. ती ढेकणांचा वेष घेऊन ढेकणांतच वावरते आणि त्यांनाच खाते. मुंग्याही फसतात. मी मात्र तिला पहिल्या नजरेतच ओळखलं होतं, असं मी सगळ्यांना सांगतो. त्या वेळी बायको खोलीत नसेल याची काळजी घेतो.

एवढं करून उमललेल्या फुलांचा उपभोग मला पूर्वी मिळत नसे. आई पहाटेच उठून अर्धवट मिटलेल्या कळ्यांसकट सगळी जास्वंद तोडायची. मी ब्रश तोंडात घेऊन गॅलरीत येईपर्यंत झाड भुंडं. ‘‘आई, निदान अर्धा तास तरी झाडावर राहू दे, मला फोटो काढायचाय.’’ ‘‘मग देवासमोर काढ. तिथेही तशीच दिसतात.’’ यावरून आमची कितीदा जुंपली. ढेकणांवर औषध आहे, आईवर नाही, असं मी चारचौघांत विनोदाने म्हणत असे. लोक हसत. एकदा तिच्या कानावर गेलं, तेव्हा तीही हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने झाडावर एक फूल ठेवलं होतं.

आता तिचे गुडघे तिला गॅलरीपर्यंत आणत नाहीत. पूजा माझ्याकडे आलीय आणि मी ती ऑफिसच्या घाईत उरकतो. फुलं दिवसभर झाडावर राहतात. हवे तेवढे फोटो निघतात. जास्वंद एका दिवसाची, संध्याकाळी तिची गुंडाळी होते आणि रात्री गॅलरीत पडते. सकाळी ती केरसुणीने गोळा करताना मला स्वतःचा असा काही राग येतो, की त्यावर कुठलंही तेल चालायचं नाही.

‘‘आज किती रे?’’ पलंगावरून आई विचारते.

‘‘सात.’’ असतात चार.

‘‘मग दोन खाली नेऊन दे. त्यांच्याकडे बिचाऱ्यांकडे काही येत नाही.’’

चारातून दोन खाली जातात. खोट्याचा भुर्दंड. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे आणि आमचे संबंध पूर्वी फक्त माझ्या फवाऱ्याचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर गळण्यापुरते होते. फुलं जायला लागल्यापासून काकू दार उघडून मला आत बोलावतात. परवा त्यांनी आपली तुळस दाखवली. शेंड्याला पांढरं.

‘‘हे तुमच्याकडूनच उतरलेत.’’

‘‘छे, छे. नर्सरीच्या मातीतून आले असतील. मुंग्यांनीही आणले असतील. आणि काकू, यातला पुरुष असतो ना, त्याला...’’

‘‘त्यांच्या घरात कोण कसं आहे ते मला नको. औषध सांगा.’’

‘‘लिटरला पाच मिली तेल. पण तुळस तुम्ही तोंडात टाकता, तेव्हा आधी नुसतं साबणाचं पाणी लावून स्वच्छ धुवा.’’

‘‘आणि ते खाली गळलं तर?’’

‘‘तुमच्या खाली कोण राहतं?’’

‘‘सोसायटीचे सेक्रेटरी.’’

‘‘मग तेलच घ्या,’’ मी म्हणालो.