मावशी घरच्याच

नागपुरातलं धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगर. वरच्या मजल्याला कुलूप, खाली आजी-आजोबा. पोरं पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत. मधली जागा रुग्णसेवा ब्युरोच्या मावशी भरून काढतात, सकाळी आठ ते रात्री आठ.

"आमच्याकडे फार काही काम नाही हो," हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवतात. फार काही नाही म्हणजे डायपर बदलायचे, अंग पुसायचं, शुगर तपासायची, आजोबांचं प्रमोशन कसं हुकलं ते रोज नव्यानं ऐकायचं आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकला की, कूलरमध्ये पाणी भरायचं. कूलर अर्थातच आजोबांच्या खोलीत.

बाकी मावशी घरच्याच! फक्त त्यांचा कप खिडकीत वेगळा पालथा असतो. कॅमेरा आजींच्या काळजीपोटी लावलाय. तोंड मात्र मावशींकडे.

आईवडिलांना सांभाळणं २००७च्या केंद्रीय कायद्यानं मुलांवर बंधनकारक केलं आणि निर्वाहभत्त्याला महिना १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. एवढ्यात चोवीस तासांची बाई मिळते का, ब्युरोला फोन करून बघा. घरेलू कामगारांसाठी राज्यानं २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. लाभार्थी १८ ते ६० वयाचा. म्हणजे साठी उलटली की मावशी त्या यादीतून बाद आणि ज्येष्ठ नागरिकांत जमा.

"मग हिला कोण बघणार रे?" आजींनी व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"आई, ते राहू दे. त्या रविवारी पण येतील का, तेवढं विचार ना."