राजमान्य राजेश्री पोकळ कण यांसी

मुक्काम रेझिन.

पत्र उघडं लिहितो आहे, कारण बंद पाकिटाचा तुम्हाला उपयोग नाही. पाकिटात जे असेल ते बाहेर घालवायचं आणि आत हवा घेऊन बसायचं, हा तुमचा खानदानी धंदा.

तीन आठवडे झाले, तुमची फाइल माझ्या टेबलावर आहे. मी पेटंट एजंट. शोध लावणारा आणि त्यावर शंका घेणारा यांच्यामधला मध्यस्थ. लग्न जमवणाऱ्यासारखाच, दोन्हीकडच्यांच्या शिव्या खाणारा. परीक्षकाचा पहिला अहवाल, आम्ही त्याला एफईआर म्हणतो, येऊन पडला आहे. पानं अकरा. उत्तराला मुदत सहा महिने, फी भरून हातापाया पडलं तर वर आणखी तीन. अहवालात तुमच्याविषयी जे लिहिलं आहे ते वाचून तुम्हाला जन्म फुकट गेल्यासारखं वाटेल. मला मात्र भूक लागली. कारण पुढे येईलच.

तुम्हाला न ओळखणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. व्यास 10 मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा. बाहेर पॉलिमरचं कवच, आत काही नाही. या 'काही नाही'साठी तुमच्या जपानी मालकांना वीस वर्षांचं पेटंट हवं आहे. हसू नका. हवेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 1, इपॉक्सी रेझिनचा साडेतीन-चारच्या घरात. सर्किट बोर्डाच्या रेझिनमध्ये तुम्हाला मिसळलं की तो आकडा उतरतो आणि उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल रेंगाळत नाही. तुमचे चुलते भिंतीच्या पांढऱ्या रंगात उजेड विखुरतात आणि महागड्या टायटॅनियम डायऑक्साइडचा खर्च वाचवतात. दुसरे एक नातेवाईक एटीएमच्या चिठ्ठीत, काळ्या पडणाऱ्या थराच्या खाली बसून उष्णता कागदात झिरपू देत नाहीत. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण ज्याने केली, त्याला या घरातल्या वाशांचा भाव ठाऊक नव्हता.

जन्मकथा तर घरगुती. डायव्हिनाइलबेंझीनसारखा मोनोमर आणि हेप्टेनसारखं हायड्रोकार्बन एकत्र करायचं आणि पाण्यात ताकासारखं घुसळायचं. बारीक थेंब होतात. तापवलं की मोनोमर जुळून पॉलिमर होतो. या पॉलिमरचं हेप्टेनशी पटत नाही, म्हणून तो थेंबाच्या काठाला जाऊन साय धरावी तसा बसतो. कवच पक्कं झालं की हेप्टेनला हाकलून द्यायचं. भाडेकरू गेला, खोली राहिली. त्या खोलीलाच आता सात-बारा हवा आहे.

मागे मालकांनी तुमच्यासारख्याच एका कणाची बाटली नमुना म्हणून पाठवली होती. एवढीशी बाटली, हातात घेतली तर रिकामीच वाटली. लेबल वाचायला म्हणून झाकण उघडलं, वर पंखा पाचवर. पुढचं सांगायला नको. फाइलवर, चहात, माझ्या भुवयांवर, सगळीकडे शोधच शोध. आमच्या शिपायाने फडकं मारता मारता विचारलं, ''साहेब, पिठी सांडली का?'' खरं सांगतो, गेल्या दहा वर्षांत कोणत्याही परीक्षकाने याहून नेमका प्रायर आर्ट, म्हणजे आधीपासून माहीत असल्याचा दाखला, काढलेला नाही.

आता अहवालाकडे येतो. परीक्षकाने नेहमीप्रमाणे डी-1, डी-2, डी-3 अशी जुनी कागदपत्रं लावली आहेत, आणि नेहमीप्रमाणे त्या काल्पनिक गृहस्थांना पुढे केलं आहे. कायद्याच्या भाषेत ते 'त्या कलेतील जाणकार व्यक्ती'. यांनी जगातलं सगळं छापील वाचलेलं असतं, पण स्वतःला आयुष्यात कधी काही सुचलेलं नसतं. कॉलेजात मला असे दोन प्राध्यापक होते, त्यामुळे मला ही कल्पना अवघड गेली नाही. परीक्षकाचं म्हणणं असं की डी-1 मध्ये पोकळ कण आहे, डी-2 मध्ये रेझिन आहे, दोन्ही एकत्र करायला जाणकार गृहस्थांना कितीसा वेळ लागणार?

पोकळरावजी, इथे तुम्ही मान खाली घाला. पोकळपणा तुमचा नाही. 1971 साली अमेरिकेत डाऊ केमिकलच्या दोघांना पेटंट मिळालं, ते प्लास्टिकच्या कवचात उडून जाणारा द्रव कोंडून, तापवल्यावर फुगणाऱ्या कणांचं. 1984 मध्ये रोम अँड हासचं पेटंट आलं. त्यात आम्लधारी गाभा अमोनियाने फुगवायचा, वर कवच चढवायचं, आणि रंग वाळला की आतलं पाणी निघून जाऊन हवा राहायची. तुमच्या कुळाचं नाव तेव्हापासून गाजतं आहे. तुम्ही या घराण्यातले धाकटे, आणि धाकट्याने वडीलधाऱ्यांहून वेगळं काय केलं, एवढाच परीक्षकाचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. अकरा पानं मात्र रास्त नाहीत, त्यातली चार कुठल्या तरी दुसऱ्याच फाइलमधून आलेली दिसतात. तुम्हाला तिथे 'उक्त गोळी' म्हटलं आहे.

मला भूक लागली ती कलम 3(ई) वाचून. आपला 1970 चा पेटंट कायदा म्हणतो की ज्या मिश्रणात घटकांचे गुण नुसते एकत्र जमतात, तो शोध नव्हे. परीक्षक म्हणतो, रेझिन अधिक पोकळ कण, झालं, नुसतं मिश्रण. हे वाचलं आणि मी खाली जाऊन भेळ घेऊन आलो. कलम 3(ई) चं याहून स्वच्छ उदाहरण पृथ्वीतलावर नाही. कुरमुरे, शेव, कांदा, चिंचेचं पाणी. प्रत्येकाने आपला गुण आणला, कोणी कोणाला बदललं नाही. पण भेळवाल्याचा हात मी नीट बघितला. चटणी तो शेवटी घालतो, डाव दोन-तीनदा जोरात फिरवतो आणि कागद लगेच हातात देतो. कारण त्याला माहीत आहे की चटणी कुरमुऱ्याच्या आत शिरली की खेळ संपला. तुमच्या मालकांचं सगळं दुःख हेच आहे. रेझिन तुमच्यात शिरतं. मळताना तुमचं कवच पिचतं, साच्यात दाबताना बसतं, आणि पोकळीच्या जागी भरीव ठोकळा निघतो. डायइलेक्ट्रिकचा आकडा पुन्हा साडेतीनवर. म्हणजे चटणी शिरू न देणारा कुरमुरा काढला असेल, तर ते नुसतं मिश्रण नव्हे. हे मी उत्तरात लिहिणार आहे, भेळ वगळून.

तेवढ्यात डी-3. त्यातला कण सच्छिद्र आहे, आत असंख्य बारीक भोकं. परीक्षक म्हणतो, ही पण पोकळीच. इथे मात्र मी तुमच्या बाजूने भांडणार, मगाशी तुम्हाला कुरमुरा म्हटलं ते मागे घेऊन. पाणीपुरीची पुरी आणि कुरमुरा, दोघांच्याही आत हवा आहे. पण पुरीला अंगठ्याने टिचकी मारली की एकच खोली उघडते. कुरमुऱ्यात चाळ आहे, शंभर खोल्या आणि सगळ्यांना सामाईक गॅलरी. तुम्ही पुरीच्या जातीचे, एक कवच, एक दालन. अर्जात तसा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो आहे, कण मधोमध कापलेला. तो फोटो पाहून कोणीही पाणी मागेल.

(स्वयंपाकघर पुरावा म्हणून उभं करायचं तर मात्र कागद लागतो. हळदीने जखम भरते हे आपल्या आजीला ठाऊक होतं, तरी 1995 मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट निघालं, कारण परदेशातला नुसता वापर तिथे तेव्हा धरला जात नसे. सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने छापील पुरावे काढून दाखवले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते रघुनाथ माशेलकर, त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. मूळचा माणूस पॉलिमरचा. तुमच्या बिरादरीचा.)

आता जरा कडू. तुमच्या मालकांनी एक नवा आकडा काढला आहे. रेझिनमध्ये मळल्यानंतरची पोकळी भागिले मळण्याआधीची पोकळी, आणि हे उत्तर 0.9 च्या वर हवं. युक्ती जुनी, पण कामाची. ज्या गोष्टीचं माप आजवर कोणी घेतलेलं नाही, ते माप क्लेममध्ये, म्हणजे पेटंटात मागितलेल्या हक्काच्या वाक्यात, घालायचं; म्हणजे जुन्या कोणत्याच कागदात तो आकडा सापडत नाही आणि शोध आपोआप नवा ठरतो. मी उद्या माझ्या चहाचं 'बशी-गळती गुणोत्तर' काढलं, तर माझा चहाही नवा. परीक्षकाकडे प्रयोगशाळा नाही, टेबल आणि संगणक आहे. 1984 चा कण मळून बघणार कोण? अमेरिकेत 1977 च्या एका निकालात न्यायालयाने हे ओझं अर्जदारावर टाकलं. वस्तू सारखी दिसत असेल, तर ती वेगळी आहे हे तूच मोजून दाखव. आमचा परीक्षक तेच म्हणतो आहे, फक्त जास्त पानांत.

आणि अडचण अशी की तुमच्या स्वतःच्या देशानेही या बाबतीत कान पिळलेले आहेत. 2005 च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या फिल्मचं प्रकरण आलं. क्लेममध्ये दोन मापांचं सूत्र, आणि आधाराला प्रयोग किती? दोन यशस्वी, दोन तुलनेसाठी. चार ठिपक्यांमधून रेघ हवी तशी ओढता येते. हीच रेघ का, असं विचारलं आणि पेटंट गेलं. जपानहून मला सूचना पाठवणाऱ्या सद्गृहस्थांना हे माझ्याहून चांगलं माहीत असणार. तरी त्यांच्या मेलमध्ये अतिशय नम्रपणे लिहिलेलं असतं, की क्लेम 1 शक्यतो आहे तसाच राखावा.

क्लेम 1 म्हणतो, पोकळी 50 ते 90 टक्के. उदाहरणं सहा, सगळी 58 ते 66 च्या दरम्यान. काल रात्री मुलीचा कॅल्क्युलेटर घेऊन घनमुळं काढत बसलो. 10 मायक्रोमीटरच्या कणात पोकळी 50 टक्के असेल तर कवचाची जाडी साधारण 1 मायक्रोमीटर येते. 66 ला पावणेसातशे नॅनोमीटरच्याही खाली. आणि 90 ला? 0.17 मायक्रोमीटर. पन्नासच्या मानाने सहापट पातळ. त्या जाडीचं कवच मळण्यात टिकतं, साच्याच्या दाबाखाली टिकतं आणि 0.9 चा आकडाही गाठतं, असं तुमचा अर्ज म्हणतो. करून दाखवलेलं कुठेच नाही. आपल्या कायद्यातलं कलम 10(5) सांगतं की क्लेम वर्णनाच्या आधारावर रास्तपणे उभा हवा. तुम्ही पोकळ आहात ते ठीक, तो तुमचा गुण आहे. पण 66 पासून 90 पर्यंतचा तो क्लेमही आतून पोकळच आहे, आणि त्याला कवचसुद्धा नाही.

म्हणून एकच विचारतो, खासगीत विचारावं तसं. पोकळराव, तुम्ही 90 टक्के कधी होतात का? प्रयोगशाळेत एखाद्या रविवारी, कोणी न बघता? 85 तरी? असाल तर पुरावा पाठवा. मळण्याआधीचा फोटो, मळल्यानंतरचा फोटो, तारखेसह. मूळ अर्जात नसलेलं मी नव्याने घुसवू शकत नाही, कलम 59 तिथे दांडकं घेऊन उभं आहे. पण अर्जातलं खरं आहे हे दाखवायला प्रयोगाचं प्रतिज्ञापत्र जोडता येतं. आणि काही नसेल, तर मी 90 खोडून 66 करणार आहे. दुरुस्तीत अंग चोरता येतं, पसरता येत नाही, तेव्हा एकदा चोरलेलं परत मिळणार नाही. मालकांना हे तुम्हीच समजवा. माझं ते ऐकतात, पण वाकून.

सुनावणीची तारीख लागली तर कळवीनच. कळावे, लोभ असावा.

आपला
उत्तर लिहिणारा

ता. क. बाटली पाठवलीत तर या खेपेस पंखा बंद करून उघडीन. भेळ मात्र लिहिता लिहिता मऊ पडली, 0.9 दूरच, मी अर्ध्याचीही खात्री देणार नाही.