खालील उतारा वाचा आणि गप्प बसा

इंग्रजी उताऱ्यांमुळे मला मधमाश्यांची पुष्कळ माहिती झाली आहे. माशी फुलं कशी शोधते, इतरांना दिशा कळावी म्हणून पोळ्यावर कशी नाचते, राणी दिवसभर काय करते, हे मी झोपेतही सांगू शकेन. हिमनद्या का वितळतात, चहा चीनमधून जगभर कसा पसरला आणि वेळेचं नियोजन का करावं, हेही पाठ झालं आहे. यातलं काहीच मी हौसेने वाचायला घेतलं नव्हतं. मुलगी दहावीला आहे, आणि पुतण्या परदेशी विद्यापीठात जायचं म्हणून आयईएलटीएसच्या तयारीसाठी आमच्याकडे राहायला आला आहे. दोघांचे सरावाचे उतारे तपासणं माझ्याकडे आहे. हे काम माझ्याकडे कसं आलं, याचा उल्लेख कोणत्याही उताऱ्यात नाही.

उताऱ्याला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. परवा मुलीच्या सराव कृतिपत्रिकेत एक मुलगा भर वादळात होडी घेऊन निघाला. लाटा उसळल्या, हातातलं वल्हं निसटलं, आणि तेवढ्यात ए१ आला : खालील विधानं सत्य की असत्य ते लिहा. ‘बाबा, त्याचं पुढे काय झालं?’ मुलीने विचारलं. मी उतारा पुन्हा वाचला. पुढे काय झालं याला गुण नव्हते. होडीच्या रंगाला होते.

ए२मध्ये वेब असतं. मधोमध एक गोल, त्याभोवती चार गोल. मधल्या गोलात ‘मुलाच्या अंगचे गुण’ असं लिहिलेलं होतं. उताऱ्यात गुण तीनच सापडले. शूर, चपळ, कष्टाळू. चौथा गोल आमच्याकडे बघत राहिला. मुलगी म्हणाली, ‘ऑनेस्ट टाकते. उताऱ्यातले सगळेच ऑनेस्ट असतात.’ मुलगा होडीत एकटा होता. प्रामाणिकपणा दाखवावा असं समुद्रात दुसरं कुणी नव्हतं. मी बरोबरची खूण केली. उत्तरसूचीतही तेच होतं.

क्लासमध्ये शिकवलेली रीत अशी की आधी प्रश्न वाचायचे, प्रश्नातला ठळक शब्द हेरायचा, तो उताऱ्यात जिथे दिसेल तिथलं वाक्य उचलायचं. उतारा वाचत बसायचं नाही, त्यात वेळ जातो. वाचनाच्या परीक्षेतलं वाचन एवढ्या सफाईने कुणी काढून टाकलं याचं कौतुक वाटून मी ही रीत घरी मराठीत करून पाहिली. मुलीला उतारा दिला : ‘चिंबक्या रोज पहाटे ढुमकीवर लपाटत असे. एकदा त्याला तिथे एक खरवी गुबली दिसली. गुबली फार झिंबाट असल्यामुळे चिंबक्याने ती लगेच हुंदाळली.’ खाली प्रश्न होते. चिंबक्या कुठे लपाटत असे? ढुमकीवर. त्याला काय दिसलं? खरवी गुबली. त्याने ती का हुंदाळली? कारण ती फार झिंबाट होती. पैकीच्या पैकी गुण पडले. शीर्षक द्या म्हटलं, तर तिने ‘चिंबक्या आणि गुबली’ असं दिलं. तात्पर्य विचारलं तेव्हा म्हणाली, झिंबाट गोष्टी वेळेवर हुंदाळाव्यात.

पुतण्याच्या परीक्षेत मात्र असा फालतूपणा चालत नाही. आयईएलटीएसच्या वाचन विभागात तीन उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि तीन उतारे मिळून दोन हजारांहून अधिक शब्द वाचायचे तेही त्या दीड-दीड मिनिटांतच. काही प्रश्नांत ‘दोनपेक्षा जास्त शब्द लिहू नका’ असा हुकूम असतो. दोन अचूक शब्दांच्या आधी एक ‘द’ शिरला की उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तरी चूक. पुतण्या आता घरातही दोनच शब्दांत बोलतो. ‘जेवायला काय करू रे?’ असं काकूने विचारलं की म्हणतो, ‘वरणभात, पापड.’ भाजी हवी असली तरी सांगत नाही.

दुसरा प्रकार ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन असा. उतारा विधानाला दुजोरा देत असेल तर ट्रू, उलट सांगत असेल तर फॉल्स, आणि काहीच सांगत नसेल तर नॉट गिव्हन. आपल्याला स्वतःला काय ठाऊक आहे याचा इथे उपयोग नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे उताऱ्यात लिहिलेलं नसेल, तर ते नॉट गिव्हन. मधमाश्यांचं एवढं ज्ञान कमावलेल्या माणसाला हे अपमानास्पद आहे. पुतण्याला मात्र ही तिसरी सोय आवडली. ‘गॅस बंद केलास का?’ असं काकूने विचारलं, तर तो म्हणाला, ‘नॉट गिव्हन.’ गॅस चालू होता.

एवढं करून मिळालेला निकाल सर्वसाधारणपणे दोन वर्षं ग्राह्य धरतात. त्यानंतर माणसाला इंग्रजी येतं की नाही, हा प्रश्न पुन्हा खुला होतो.

आता शब्दसंग्रह. पुतण्याला क्लासने यादी दिली आहे. त्याला ‘पर्निशस’ येतो, ‘युबिक्विटस’ येतो, ‘ऑबफस्केट’ तर तो दात घासताना म्हणतो. गेल्या आठवड्यात परदेशातल्या वसतिगृहाचा फॉर्म आला. खोलीतला नळ गळत असेल तर ते कसं कळवाल, असं त्यात विचारलं होतं. पुतण्या बराच वेळ फॉर्मकडे बघत बसला. नळ पर्निशस आहे असं लिहावं का, असं त्याने मला विचारलं. तिथले नळ गळत नाहीत, असं आम्ही गृहीत धरलं आहे.

मुलीची शाळा फळ्यावर रोज एक नवा शब्द लिहिते. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या भाषातज्ज्ञाने २००६मध्ये हिशेब मांडला होता, की सर्वसाधारण इंग्रजी पुस्तक अडखळल्याशिवाय वाचायचं, म्हणजे पन्नास शब्दांत फार तर एखादा अनोळखी निघावा, तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (मूळ शब्द आपल्या रूपांसकट) यावी लागतात. रोज एक या वेगाने आठ हजारांना जवळजवळ २२ वर्षं लागतात. फळ्यावरचा प्रत्येक शब्द जन्मभर लक्षात राहतो, असं यात धरलं आहे. हरमान एबिंगहाउसने १८८५मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या तासाभरातच उडून जातं. अर्थाचा आधार मिळून प्रयोग बिघडू नये म्हणून त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरं तयार करून ती पाठ केली होती. त्या बिचाऱ्याला एवढा खटाटोप करावा लागला. आमच्याकडे चांगले अर्थ असलेले शब्द यादीत घालून तोच परिणाम साधतात. पुतण्याच्या मोबाईलमधलं शब्दांचं ॲप रात्री साडेअकराला त्याला आठवण करतं, आणि एक दिवस खंड पडला की त्याची मोजणी शून्यावर आणतं. त्यामुळे आमच्याकडे सध्या शब्दांपेक्षा ती मोजणी पाठ आहे.

गाळलेल्या जागांचंही सांगायला हवं, कारण बँकांच्या भरतीपासून सगळीकडे क्लोझ टेस्ट असते. ही युक्ती अमेरिकेतल्या विल्सन टेलरने १९५३मध्ये काढली. मजकुरातला दर काही शब्दांनंतरचा एक शब्द गाळायचा आणि वाचकांना तो किती वेळा ओळखता येतो ते पाहायचं. पण ही परीक्षा मजकुराची होती. वाचकांना शब्द सुचले नाहीत तर मजकूर अवघड लिहिला गेला आहे, असं ठरायचं. पुढे कागद तोच राहिला, आरोपी बदलला. आता शब्द सुचला नाही की वाचक नापास होतो आणि मजकूर पुढच्या वर्षीही येतो.

याच १९५३ साली मायकेल वेस्ट यांची सुमारे दोन हजार नित्याच्या इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. हे वेस्ट पूर्वी भारतीय शिक्षण सेवेत, ढाक्याला होते. बंगाली मुलांना इंग्रजी आधी वाचता यावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी सोप्या वाचनमाला तयार केल्या. दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे घातले, आणि नवे शब्द इतके विरळ पेरले की मुलाचं वाचन न थांबता पुढे जावं. यादी होती ती गोष्ट वाचता यावी म्हणून. पुढच्या लोकांना यादी सापडली आणि गोष्ट गहाळ झाली. महाराष्ट्रात २०००पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. दहावीपर्यंत मुलाच्या हाताखालून किती उतारे जातात ते पाहिलं, तर तेवढ्या शब्दांत दोन-चार आख्खी पुस्तकं सहज बसली असती. पण पुस्तकाखाली वेब काढता येत नाही.

माझी मागणी मोठी नाही. उतारा जिथून उचलला असेल त्या पुस्तकाचं नाव खाली बारीक अक्षरांत छापावं. एखाद्या मुलाला किंवा मुलीला पुढचं वाचावंसं वाटलं तर ग्रंथालयात जाऊन काय मागायचं ते तरी कळेल. त्याला गुण देऊ नयेत, नाहीतर त्याचेही क्लास निघतील. आणि तेवढ्या ओळीला जागा नसेल, तर ए५ काढून टाकावा.

ए५ म्हणजे पर्सनल रिस्पॉन्स. इथे परीक्षार्थीचं स्वतःचं मत विचारतात. या आठवड्यात प्रश्न होता : एक आठवडा मोबाईलशिवाय राहावं लागलं तर तुम्ही काय कराल? दहावी आहे म्हणून आमच्या मुलीचा मोबाईल जूनपासून तिच्या आईच्या कपाटात आहे. तिने लिहिलं, ‘मी राहतेच आहे. काही करत नाही. उतारे सोडवते.’ इंग्रजीत, तीन वाक्यांत, एकही चूक नाही. क्लासमध्ये तिला दोनांपैकी अर्धा गुण मिळाला. शेरा होता : मुद्दे अपेक्षित नाहीत. अपेक्षित मुद्दे गाईडात आहेत. मी बागेत फिरायला जाईन, आजी-आजोबांशी गप्पा मारीन, एखादा छंद जोपासीन आणि मला खूप ताजंतवानं वाटेल. हे तिचं मत आहे, आणि शुक्रवारपर्यंत तिला ते पाठ करायचं आहे.