व्यवसाय : शेती

आमच्या आमदारसाहेबांनी यंदाही प्रतिज्ञापत्रात व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' असेच लिहिले. ही चौथी खेप. विरोधक हसले, पण हसण्यासारखे त्यात काही नाही. साहेब अस्सल शेतकरी आहेत याबद्दल तालुक्यात दुमत नाही. वडिलोपार्जित सव्वातीन एकर, विहिरीत तिसरा हिस्सा आणि बांधावरून चुलत्याशी दिवाणी दावा, एवढे भांडवल असल्यावर शेतकरी म्हणायला आणखी काय लागते?

साहेबांना राजकारणात आणले ते उसाने. त्यांच्या वडिलांनी कारखान्याच्या निवडणुकीत पडलेल्या पॅनेलला मत दिले. मतदान गुप्त होते, पण गावात कुणाचे मत कुठे गेले हे मोजणीच्या आधी कळते. हंगाम सुरू झाला. लागण आडसाली, नोंद वेळेवर, म्हणजे तोड पहिल्या पंधरवड्यात यायला हवी. तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय रोज बांधावरून जायचा, मोटारसायकल काही थांबायची नाही. डिसेंबरात उसाला तुरे आले. जानेवारीत बापाने अध्यक्षांच्या बंगल्यावर तीन हेलपाटे घातले, चहा मिळाला, तोड मिळाली नाही. मार्चमध्ये टोळी आली ती आधी खुशाली मागत आणि मग पाचट पेटवत. वजन आधीच घटलेले, त्यात जळिताची कपात. उरले ते सोसायटीने कर्जापोटी वळते करून घेतले.

अशा वेळी कुणी नशिबाला बोल लावतो, कुणी मोर्चात जातो. साहेबांनी बांधावर बसून निराळा हिशेब मांडला. ऊस कोयत्याने तुटत नाही, चिठ्ठीने तुटतो. चिठ्ठी ज्याच्या हाती, शेत त्याचे. सातबारा कुणाच्याही नावावर असो.

पुढचा प्रवास सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. आधी विकास सोसायटी, मग बाजार समिती, मग जिल्हा बँक, मग कारखाना. आमदारकी सगळ्यात शेवटी. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना वाटते की माणूस आमदार होतो आणि मग मोठा होतो. आमच्याकडे ज्याच्या हाती कर्ज, काटा आणि चिठ्ठी असते, त्याला आमदार करावेच लागते. न करून जगायचे कुठे?

कारखान्याच्या सभागृहात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या तसबिरी शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत. प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला तो या दोघांच्या खटपटीतून; एक शेतकरी, एक अर्थशास्त्रज्ञ. पुढे अर्थशास्त्रज्ञ लागेनासे झाले, ते खाते संचालकांनी स्वतःकडेच घेतले. तसबिरींना मात्र दर सभेला ताजा हार असतो, त्यात कसूर नाही.

यंदाच्या वार्षिक सभेला मी गेलो होतो. पुढच्या रांगांत कारखान्याचेच कामगार, सुट्टी न टाकता सभासद झालेले. 'विषय क्रमांक एक' म्हणताच 'मंजूर, मंजूर!' पाचव्या विषयाला सचिवाने आकडा चुकीचा वाचला, तोही मंजूर झाला आणि दुरुस्त केला तेव्हा पुन्हा मंजूर झाला. तेवढ्यात मागून एक तरणा पोरगा उठला. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी द्यायची असे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आमचे चार महिने झाले, असे काहीतरी म्हणाला. साहेब रागावले नाहीत. 'बाळा, मी पण शेतकऱ्याचाच पोरगा. तुझं दुखणं मला कळतं,' म्हणाले. पोरगा पुढे बोलणार तोच त्याच्या हातातला माईक बिघडला. साहेबांचा नाही बिघडला. वेगळ्या कंपनीचा असावा.

पलीकडच्या खोऱ्यात दुसरा कारखाना काढायचे काही जणांच्या मनात होते. पण दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर हवे, असा राज्यात दंडक आहे. साहेबांना मतदारसंघातल्या रस्त्यांची लांबी ठाऊक नाही, हे खड्ड्यांवरून दिसतेच. हवाई अंतर मात्र मीटरमध्ये तोंडपाठ आहे.

राहिला प्रश्न मालमत्तेचा. ज्या सव्वातीन एकराने बापाला म्हातारा बैल बदलू दिला नाही, त्याच एकरांनी लेकाला दोन पेट्रोलपंप, एक इंजिनिअरिंग कॉलेज आणि मुंबईत समुद्राकडे तोंड करून बसता येईल अशी जागा दिली. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, त्यामुळे कुणी फार खोदून विचारतही नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठे राज्यात आहेत. त्यांच्यापैकी एकाने तरी माती परीक्षणाला माणूस धाडावा, ही माझी जाहीर विनंती.

केंद्राने 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा नागपूरचे हिवाळी अधिवेशन नुकतेच सुरू झाले होते. साहेब सत्तेत होते. 'निर्णय केंद्राचा आहे, आमच्या भावना कळवू,' एवढे बोलून ते आत गेले. कॅमेऱ्यांपुढे थांबायचे टाळले म्हणतात, पण त्यात भित्रेपणा नव्हता. विधानभवनाच्या पायऱ्यांवर आपण कसे दिसलो होतो, हे त्यांना पक्के आठवत होते. पूर्वी विरोधी बाकावर असताना याच पायऱ्यांवर त्यांनी गळ्यात कांद्याची माळ घालून 'भाव द्या, नाहीतर खुर्ची सोडा' अशी गर्जना केली होती. फोटो सगळीकडे छापून आला. माळेचे कांदे पीएने सकाळीच नागपुरातल्या एका भाजीवाल्याकडून आणले होते आणि नियमाप्रमाणे पावतीही घेतली होती. संध्याकाळी आमदार निवासात हिशेब करताना साहेबांनी ती पावती चष्मा लावून दोनदा वाचली.

'एवढा भाव?' ते पीएला म्हणाले. 'मग शेतकऱ्यांची तक्रार तरी काय आहे?'